कुठंय, कुठंय

घंटागाडी अजून कॅनॉलच्या पुलापाशी असते, तिचं गाणं आमच्या कानावरही पडलेलं नसतं, पण आमच्या गिन्यांना, म्हणजे गिनी फाऊल या कोंबडीसारख्या पक्ष्यांना, ती कळलेली असते. मग जे सुरू होतं ना. पाच पक्षी, पण पत्र्यावर कुणी खडी ओततंय असा आवाज. घंटागाडी झाली की दूधवाला, दूधवाला झाला की शाळेची व्हॅन, मग कुरिअरवाला, मग आकाशात दूरवर एक ठिपका, तो घारीचा आहे की विमानाचा हे नंतर बघू पण आधी ओरडून घेऊ. आमच्या नाशिकच्या मखमलाबाद साइडला ज्यांचं घर रस्त्यापासून आत आहे ते लोक कुत्रं पाळतात, आम्ही गिनी फाऊल पाळली. कुत्रं निदान चोर आणि मेहुणा यात फरक करतं.

त्यातल्या माद्यांचा आवाज वेगळा. दोन तुकड्यांचा, आणि दुसरा तुकडा वर चढणारा. परदेशातले लोक त्यात काय काय शब्द ऐकतात म्हणे. माझ्या आईने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "ही नुसती इचारतीये, कुठंय? कुठंय?" आणि एकदा तसं ऐकलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही. आता पहाटे साडेपाचला कुणीतरी मला विचारत असतं, कुठंय, कुठंय, आणि मी उशीत डोकं खुपसून मनात म्हणतो, इथंच आहे गं बाई, झोपू दे.

मुळात हे खूळ माझं. वडिलांच्या वाटणीतले अठरा गुंठे आहेत, तीन बाजूंनी दुसऱ्यांचे द्राक्षाचे बाग, मधे आमचं घर, चार आंब्याची झाडं, एक मोठा कडुनिंब, आणि पत्र्याचं खुराडं. कोंबड्या आईच्या. गावरान, पंधरा ते पंचवीसच्या मधे कितीही, कारण आखाडात कमी होतात आणि दिवाळीपर्यंत परत भरून येतात. मी अंबडला कंपनीत जातो, शिफ्ट संपवून घरी येतो, कोंबड्यांकडे बघत चहा पितो, एवढाच माझा संबंध. पण त्या वर्षी पावसाळ्यात न्हाणीच्या मागे घोणस निघाली, आणि शेजारच्या गाईंमुळे गवतात गोचीड एवढे झाले की आईच्या पायाला रोज एखादा चिकटलेला. मग मी मोबाईलवर बघत बसलो. गिनी फाऊल गोचीड वेचतात, नाकतोडे खातात, वाळवी खातात, साप दिसला तर ओरडून गाव गोळा करतात, कोंबड्यांबरोबर राहतात, आजारी पडत नाहीत. सगळं खरंय हो. फक्त "कोंबड्यांबरोबर राहतात" या दोन शब्दांत जे काय भरलंय ते कुणी सांगितलं नाही.

पेठ रोडच्या एका माणसाकडून नोव्हेंबरात आठ पक्षी आणले, अडीच-तीन महिन्यांचे. तो म्हणाला, चार जोड्या आहेत, बिनधास्त न्या. या पक्ष्यांत नर-मादी दिसायला जवळपास सारखेच, तेच राखाडी अंग, तेच पांढरे ठिपके, तेच टकलं डोकं आणि वर शिंगासारखा टोप. नराच्या गालाखालचे लाल लोलक जरा मोठे आणि पुढं वळलेले असतात, पण ते कळायला पक्षी मोठा व्हावा लागतो. खरी ओळख आवाजाची. नर फक्त एकसुरी, शिलाई मशीन चालल्यासारखा चि-चि-चि-चि. मादी तेही काढते, पण "कुठंय" फक्त मादीच म्हणते, नराला ते जमतच नाही. हे मला कळायला जानेवारी उजाडला. तोवर ज्याला मी राजा म्हणत होतो तो एके दिवशी कुंपणावर उभा राहून "कुठंय" म्हणाला. हिशोब मांडला तर तेव्हा शिल्लक असलेल्या सहांपैकी चार नर आणि दोन माद्या. चार जोड्या म्हणे.

शिल्लक सहा, कारण दोन पहिल्याच आठवड्यात गेले आणि त्यात चूक शंभर टक्के माझी. नवीन आणलेली गिनी निदान चार-सहा आठवडे कोंडून ठेवायची असते, म्हणजे हे आपलं घर हे तिच्या डोक्यात बसतं. कोंबडीला दोन दिवस पुरतात. मी मधला मार्ग काढला, चार दिवस. पाचव्या दिवशी दार उघडलं, आठही जण शहाण्यासारखे रांगेने बाहेर आले, एकदा इकडं तिकडं बघितलं, आणि उडाले. कोंबडी उडते म्हणजे काय तर कंपाउंडच्या भिंतीवर चढते. हे अक्षरशः उडाले, पत्र्यावरून, आंब्यावरून, थेट शेजारच्या बागेच्या मांडवावर. मणी धरायचे दिवस, बागवाल्याचा जीव आधीच टांगणीला, आणि त्याच्या तारांवर आठ टकले ओरडतायत. बाजरीचा डबा वाजवत मी रात्री आठपर्यंत सरींमधून फिरलो. सहा मिळाले. दोघांचा आवाज रात्रभर कुठूनतरी लांबून येत होता, सकाळी नव्हता. आमच्याकडे बिबट्या हा काही बातमीतला प्राणी नाही, मळ्यात राहणाऱ्याला तो नेहमीचाच, पण आईचं मत मुंगूस.

पक्षी आफ्रिकेतला. बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्र सरकारची पक्षी संशोधन संस्था आहे, तिने याचे भारतातल्या हवेसाठी वाण काढलेत. कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी. ही नावं मी आईला वाचून दाखवली तर ती म्हणाली, "येवल्याला पैठणीच्या दुकानात गेल्यासारखं वाटतंय." आमच्या कुठल्या ते माहीत नाही, पेठ रोडच्या माणसाच्या जोड्यांवर विश्वास नाही तर जातीवर काय ठेवणार. शास्त्रीय नावाची गोष्ट मात्र मला आवडते. न्यूमिडा मेलिआग्रिस. ग्रीक पुराणात मेलिएगर नावाचा वीर मरतो, त्याच्या बहिणी रडून रडून थांबेनात, तर देवीने त्यांचे हे पक्षी केले, अंगावरचे ठिपके म्हणजे त्यांचे अश्रू. म्हणजे "कुठंय कुठंय" हे आईने बरोबर ओळखलं, भावालाच शोधतायत. बाकी टर्की या पक्ष्याला टर्की नाव पडलं तेही यांच्यामुळेच, तुर्की व्यापाऱ्यांमार्फत युरोपात गेलेली ही गिनी, आणि नंतर अमेरिकेतून आलेल्या भलत्याच पक्ष्याला तिचं नाव चिकटलं. दुसऱ्याच्या नावावर जमीन चढावी तसं. ते जाऊ दे.

हिवाळाभर सगळं छान चाललं. सकाळी दार उघडलं की कोंबड्या उकिरड्याकडं, गिन्या ओळीने बांधाकडं, आणि गिन्या काम करतात हे मान्य करावं लागेल. कोंबडी दोन्ही पायांनी उकरते, आईची मेथी-कोथिंबीर तिने किती वेळा उलथवून टाकलीये. गिनी उकरत नाही फारसं, ती चालत चालत टिपते, वरच्यावर, पोलीस गस्तीसारखं. फेब्रुवारीपर्यंत आईच्या पायाला गोचीड लागायचे बंद झाले. मी ऑफिसात दोन-तीन जणांना सांगूनही टाकलं की घ्या, काही त्रास नाही.

मार्च लागला, उन्हं वाढली आणि नरांच्या अंगात आलं.

आमचा कोंबडा तेव्हा पाटील. तांबडा, काळ्या शेपटीचा, तुरा एका बाजूला कललेला, चालायचा असा की सातबारा त्याच्या नावावर आहे. त्याने त्याच्या आयुष्यात दोन कोंबड्यांशी मारामारी केली होती आणि दोन्ही जिंकला होता. पण कोंबड्याच्या भांडणाला एक रीत असते. समोरासमोर यायचं, मान खाली घालून मानेची पिसं छत्रीसारखी फुलवायची, नजरेला नजर द्यायची, दोन उड्या, चार लाथा, ज्याने पाठ फिरवली तो हरला आणि विषय संपला. हरलेल्याच्या मागं कुणी फार लागत नाही.

गिनीला ही रीतच माहीत नाही. मी पायरीवर बसलो होतो म्हणून अगदी जवळून बघितलं. गिनीचा एक नर वीस-पंचवीस फुटांवर उभा, पाठीला कुबड आल्यासारखी वाकवलेली, दोन्ही पंख पाठीवर उंच धरलेले, मान आत, आणि तो बोटांवर चालल्यासारखा बारीक पावलांनी सरकत होता. पाटलाने बघितलं, पिसं फुलवली, पाय रोवले. नियमाप्रमाणे तयार. आणि तो गिन्या सुटला तो थेट समोरून नाही, बाजूनं वळसा घालून मागं गेला आणि शेपटीचं एक पीस उपटून पळाला. पाटील वळेपर्यंत दुसरा मागं. पिसं फुलवलेला पाटील गोल गोल फिरतोय, समोर कुणीच नाही, आणि मागून चौघं आळीपाळीने. बरं त्याने हार मानून पाठ फिरवली, तर ती त्यांच्या लेखी हार नाहीच, उलट हवी ती बाजूच समोर आली. घराभोवती दोन फेऱ्या पळवला त्याला. शेवटी आईच्या धुण्याच्या दगडामागं जाऊन बसला, चोच उघडी, डोळे बारीक. शेपटीत तीन पिसं उरली होती. मला हसू आलं होतं आधी, नंतर नाही आलं.

मग पुढचे दोन महिने माझे सगळे रविवार यात गेले. दाणे टाकायची जागा एक होती त्याच्या तीन केल्या, एकमेकांपासून दिसणार नाहीत अशा, कारण गिन्यांचा बंदोबस्त एकाच भांड्याभोवती होतो. पाण्याची भांडी दोन. खुराड्यात मधोमध जाळीचं पार्टिशन घातलं. जुने टायर, तुटकी खाट, द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटची भिंत असं अंगणात मुद्दाम पसरून ठेवलं, म्हणजे पळणाऱ्याला आडोसा मिळतो आणि पाठलाग करणाऱ्याची लाइन तुटते. बायको म्हणाली अंगण आहे की भंगारचं दुकान. पण उपयोग झाला. आणि सगळ्यात मोठा उपयोग झाला तो दोन नर दिंडोरीच्या मित्राला देऊन टाकल्याचा. उरलेले दोन आपापल्या मादीला धरून राहिले आणि पाटलाचा छळ निम्म्याच्याही खाली आला. माझं मत विचाराल तर जागा कमी असेल तर नर वाढवूच नका, आणि कोंबडे-गिन्या लहानपणापासून एकत्र वाढवता आले तर त्याहून चांगलं. मोठेपणी आणून ओळख करून द्यायची म्हणजे एका घरात दोन कर्ते.

रात्रीचा प्रश्न वेगळाच. कोंबडी अंधार पडायच्या आत आपण होऊन खुराड्यात जाते, तिला कुणी शिकवलेलं नसतं. गिनीला अंधाऱ्या दाराची भीती. तिला उंच, उघडं, जिथून चारी बाजू दिसतात असं हवं. म्हणजे कडुनिंबाची वरची फांदी. पहिलं वर्ष मी नाद सोडला होता, बसू दे. एप्रिलमधे एका रात्री फांदीवर एकच किंकाळी झाली आणि मग बराच वेळ नेहमीचा गोंधळ. टॉर्च मारला तर शेंड्याला दोन पिवळे डोळे आणि कानाच्या जागी दोन शिंगं, शृंगी घुबड. अंधारात गिनीला काही दिसत नाही, ती जागची हलत नाही, नुसती ओरडते. चाराच्या तीन झाल्या, एक नर गेला.

त्यानंतर मी खुराड्यात बल्ब लावला. दार मोठं केलं, पाच फुटांवर आडवा बांबू टाकला, कोंबड्यांच्या बांबूच्या वर, आणि रोज संध्याकाळी साडेसहाला डबा वाजवून आत बाजरी टाकायला लागलो, दुसरीकडं कुठंही बाजरी नाही. उजेड दिसला की आत जायला तयार. तीन आठवडे लागले. मग दिंडोरीच्या मित्राने ते दोन्ही नर परत पाठवले, त्याच्या बायकोला आवाज सहन होईना, आणि आम्ही पाचावर स्थिर झालो.

साप एकदाच दिसला तोवर. दुपारी आवाज असा काही झाला की मी जेवता जेवता उठलो. बांधापाशी पाचही जण गोल करून उभे, मधे धामण, चांगली सहा फुटी. कुणी हात लावत नव्हतं, म्हणजे चोच. नुसता घेराव. ती ज्या बाजूला तोंड करेल तिकडचे दोन पावलं मागं, बाकीचे दोन पावलं पुढं, आणि घोषणा चालूच. शेवटी धामण कंटाळली असावी, बागेत निघून गेली. मी खूश. आई म्हणाली, "धामण हाकलली व्हय? आता उंदरं कोण खाणार, तू?"

आवाजाचं शेजाऱ्यांना काय सांगायचं हा विषय मी टाळत आलोय. पलीकडच्या बंगल्यात एक रिटायर्ड काका आहेत, त्यांनी एकदा अगदी गोड आवाजात विचारलं, यांना बंद करायचं बटण कुठं असतं. मी दर आठवड्याला त्यांच्याकडं डझनभर अंडी पोचती करतो. कॉलनीत किंवा रो हाऊसला असाल तर कृपया हा उद्योग करू नका.

आता अंडी. कोंबडी अंडं घालते आणि गावभर सांगते. गिनी घालते उन्हाळा-पावसाळ्यात, आणि कुणाला कळू देत नाही. एप्रिल-मेपासून मला वाटत होतं या अजून लहान आहेत. जूनमधे बांधावरची घाणेरी तोडायला गेलो तर आत तेवीस अंडी. कोंबडीच्या अंड्यापेक्षा लहान, एका टोकाला चांगली निमुळती, मातकट रंगाची, बारीक ठिपके. सगळ्या माद्यांनी एकाच खळग्यात घातलेली. मी वेड्यासारखी सगळी उचलली, आणि त्या जागेवर परत एकही अंडं पडलं नाही. घरटं कुणाला कळलं म्हटल्यावर जागा बदलली, नवीन जागा सापडायला मला पंधरा दिवस लागले. मग शहाणा झालो. पाच-सहा अंड्यांवर पेन्सिलीने खूण करून ती तशीच ठेवायची, नवीन तेवढी काढायची, तीही त्या दिसत नसताना. आईने पहिलं अंडं तव्याच्या कडेवर टिचवलं तर फुटलं नाही. परत मारलं, नाही. तिसऱ्यांदा जोरात मारलं. "अंडंय का गारगोटी?" पोळी मात्र झकास होते, बलक मोठा.

बारा अंडी आईने खुडूक कोंबडीखाली ठेवली. ही तिची सगळ्यात शांत कोंबडी, करड्या रंगाची. गिनी स्वतः बसते उबवायला, पण बाहेर गवतात, आणि पिल्लांना घेऊन पहाटे दवात फिरते. या पिल्लांचा पहिले दोन आठवडे सगळ्यात मोठा वैरी म्हणजे ओल. म्हणून कोंबडी बरी. फक्त कोंबडीचे एकवीस दिवस, गिनीचे सव्वीस ते अठ्ठावीस. बाविसाव्या दिवशी आई म्हणाली नासली, टाकून दे. मी म्हटलं थांब. चोविसाव्या दिवशी परत म्हणाली. कोंबडीला काही प्रश्न पडलेला दिसत नव्हता. ती दिवसातून एकदा उठायची, घाईघाईत दाणे खायची, भली मोठी घाण करायची आणि परत बसायची. सत्ताविसाव्या दिवशी सकाळी डालग्याखालून बारीक शिट्ट्या आल्या. नऊ. तपकिरी पट्ट्यांची, लाल चोचीची, केशरी पायांची, आणि अंगठ्याएवढी. कोंबडीने मान वाकडी करून एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्या डोळ्याने बघितलं, आणि पंख उचलला.

पाण्याच्या ताटलीत गोटे भरले, कारण एवढी पिल्लं बोटभर पाण्यातही बुडतात. खाली पेपर न घालता तूस घातलं, पेपरवर पाय घसरून फाकतात. यांना प्रोटीन कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं, 24-26 टक्के, तसं खाद्य आपल्याकडं दुकानात मागितलं तर लोक चेहरा बघतात. ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर आणलं आणि वर रोज एक उकडलेलं अंडं कुस्करून. सातव्या दिवशी कोंबड्यांच्या पिल्लांबरोबर यांनाही लासोटा लसीचे थेंब, कारण मानमोडी यांनाही होते, "आजारी पडत नाहीत" हे व्हिडिओतच. एवढं करून श्रावणातल्या एका सरीत तीन गेली. दहा मिनिटं उशीर झाला मला आत घ्यायला. कोंबडीने जेवढी पंखाखाली मावतील तेवढी घेतली होती, ती तिघं भिजत धावत राहिली.

सहा उरली आणि वाढली. कोंबडीने "कुट कुट" केलं की धावत यायची. ती उकरून दाखवायची, ही उभी राहून बघायची, किडा निघाला की टिपायची, पण स्वतः उकरायची नाहीत. ती धुळीत लोळली की हीही लोळायची. मोठ्या गिन्या लांबून बघायच्या, जवळ यायच्या नाहीत, कोंबडी येऊ द्यायची नाही. एकदा तर तिने राजाला पळवली, त्या दिवशी पाटलाने बांग जरा लांबवली असं मला वाटलं.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. संध्याकाळी मी डबा वाजवला, बल्ब लावला, मोठ्या पाचही गिन्या गेल्या आत, वरच्या बांबूवर बसल्या. कोंबड्या गेल्या. करडी आली नाही. बघितलं तर ती कडुनिंबाखाली उभी, मान वर. वरच्या फांदीवर सहा जण ओळीने. त्यांनी ती फांदी आधी कधी बघितलेली नव्हती, कुणी दाखवली नव्हती, उलट त्यांच्या जातीची सगळी आत बल्बखाली बसलेली. करडी हाक मारत होती. खाण्याची नाही, पिल्लांना पंखाखाली बोलावतात ती, घोगरी, हळू. एक-दोनदा तिने उडी मारली, खोडाला धडकून खाली आली. वरून एकाने मान वाकवून खाली बघितलं, आणि पहिल्यांदाच, अजून फाटका आवाज, पण शब्द बरोबर, कुठंय.

करडीने उत्तर दिलं. परत वरून, कुठंय. परत खालून. असं अंधार होईपर्यंत चाललं. घुबड माझ्या डोक्यात होतं, मी शिडी आणायला निघालो तर आई म्हणाली राहू दे, रात्री शिडीवरनं तू पडशील, उद्या बघू. मग तिने करडीला दोन्ही हातांनी उचललं, ती काही फडफडली नाही, आईच्या काखेतून मान काढून मागंच बघत होती. आईने तिला आत ठेवलं, दार ओढलं, कडी घातली, आणि रोज मोजते तसं जाळीतून बोट नाचवत मोजलं.

"आत बावीस," आई म्हणाली. मग कडुनिंबाकडं बघत, "आन् वर सहा."